दारातली बाई

"तुमची पोरगी राक्षस बनवते म्हनते?"

शेजारच्या काकूंनी ओट्यावर मेथी निवडता निवडता आईला विचारलं. मी आत, खिडकीच्या अलीकडे, कानाला हेडफोन लावून बसले होते. हेडफोनमध्ये काहीही वाजत नव्हतं. ही माझी जुनी सवय. हेडफोन दिसला की लोक आपल्याशी बोलत नाहीत, आणि आपल्याबद्दल मात्र अगदी मोकळेपणी बोलतात.

"हौ," आई म्हणाली.

"घरीच?"

"घरीच. त्या खोलीत."

काकूंचा हात मेथीवर थांबला. मग काळजीच्या सुरात म्हणाल्या, "मंग ते राहतेत कुठं?"

"पुस्तकात राहतेत," आई म्हणाली. "घरात कचरा नाही होत काही."

दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव लिही, असं मला सांगितलं तेव्हा पहिल्यांदा हेच आठवलं. कारण काकूंचा तो प्रश्न माझ्या धंद्यातला खरा प्रश्न आहे. राक्षस कोणालाही बनवता येतो. तो राहतो कुठं, दुपारी काय करतो, हे सांगता आलं पाहिजे.

काम असं आहे. चार-पाच जण एका टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एकेक पात्र घेतो: कोणी तलवारबाज, कोणी चोर, कोणी वैद्य. एक जण मात्र पात्र घेत नाही, तो खेळ चालवतो. तो सांगतो, "तुम्ही जंगलात आहात, समोर पूल आहे." बाकीचे सांगतात, आम्ही अमुक करतो. ते जमलं की नाही हे फासा ठरवतो. पडदा नाही, वेशभूषा नाही, नुसत्या बोलण्यावर चालणारा खेळ. याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. खेळाडूंची चार पात्रं सोडली तर उरलेलं सगळं जग, म्हणजे खानावळवाला, शिपाई, नावाडी आणि पुलाखालचा राक्षस, हे त्या चालवणाऱ्याला एकट्याला बोलावं लागतं. एवढी माणसं तो डोक्यातून कुठून काढणार? म्हणून त्याच्यासाठी पुस्तकं असतात, आणि त्या पुस्तकांतली ही उरलेली माणसं मी लिहिते. बंगळुरूच्या एका छोट्या कंपनीसाठी, इंग्रजीत, मध्य प्रदेशातल्या बालाघाटात बसून.

थोडक्यात, दुसऱ्यांनी काय बोलावं ते मी लिहून देते. ज्या मुलीला दुकानात "भैया, एक पेन" म्हणण्याआधी मनात तालीम करावी लागते, तिला हे काम मिळावं यात माझ्या शाळेतल्या बाईंना विनोद दिसेल. मला तो रोज दिसतो.

नवीन लिहिणारे पात्राचे डोळे लिहितात. मग गालावरचा व्रण, मग सात पिढ्यांचा इतिहास. तो कोणी वाचत नाही. खेळाडूंनी दार ढकललेलं असतं, "खोली आहे का?" म्हणून ते विचारत असतात, आणि चालवणारा बिचारा व्रण शोधत पानं उलटत असतो. मी एवढंच लिहिते: तुम्ही आत येण्याआधी हा माणूस काय करत होता, आणि तुमच्यामुळे त्याचं काय अडलं. खानावळवाला चूल पेटवत होता, ती धुमसते आहे, आणि तुम्ही त्याला जगाच्या विनाशाबद्दल विचारता आहात. तो तुमच्याशी कसा बोलेल हे मग सांगावं लागत नाही.

बाकी सगळी चोरी. कटंगीहून तुमसरला जाणाऱ्या बसमध्ये एक कंडक्टर होता. तो माणसांच्या तोंडाकडे बघायचा नाही, सामानाकडे बघायचा आणि त्याच नावानं हाक मारायचा. "ओ कोहळं, आत सरका. सुटकेस, तुमी कुठं उतरता? थैली, थैली, दारात नोको." मी त्या प्रवासापुरती छत्री होते. आज हा कंडक्टर जमिनीखालच्या एका नगरीचा द्वारपाल आहे. मोठमोठे शूरवीर येतात आणि तो खाली बघूनच म्हणतो, "ओ तलवार, लायनीत या." लोकांना तो इतका आवडला की पुढच्या पुस्तकात त्याला बढती द्यावी लागली. त्याला स्वतःला यातलं काही माहीत नाही. माहीत झालं तर मला हाफ तिकीट देईल असंही वाटत नाही.

राक्षसांचंही तेच. लामत्याला मामाकडे एक म्हैस होती. ती कधी कोणाला मारायला धावली नाही. ती फक्त वाटेत मधोमध उभी राहून रवंथ करायची. गावातले सगळे तिला ओलांडायच्या फंदात न पडता बांधावरून वळसा घालून जायचे. मी तिला सहा शिंगं दिली आणि एका पुलावर उभी केली. खेळाडूंनी अख्खी संध्याकाळ तिच्याशी युद्ध केलं. दोघे जखमी झाले, एकाचा घोडा गेला. पुलाच्या बाजूला गुडघाभर पाण्याचा उतार आहे, असं मी पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. शूरांना बांधावरून जायचं सुचत नाही.

नावांची गंमत निराळी. खेळाडूंना एक खोड असते. ज्याचं नाव तुम्ही ठेवलेलं नाही, नेमकं त्याचंच नाव ते विचारतात. कंदील विकणारा एक लोहार होता, बुटक्यांच्या जमातीतला (असल्या खेळांत अशी एक जमात असतेच), दोन वाक्यांपुरता. घाईत मी त्याचं नाव झिंगरू ठेवलं. आमच्या शेजारच्या काकूंचे सासरे. पुढे दूरदेशीच्या एका गृहस्थांची मोठी अभ्यासू मेल आली. बुटक्यांच्या प्राचीन भाषेत 'झिंगरू' म्हणजे काय, धातूशी काही संबंध आहे का, असं त्यांनी विचारलं होतं. मी उत्तर दिलं की अर्थ काळाच्या ओघात हरवला आहे. झिंगरूबाबा तोवर वारले होते. ते असते तर त्यांना सांगायला मला आवडलं असतं. पण ते असते तरी मी सांगितलं नसतं, कारण त्यासाठी ओट्यावर जाऊन बोलावं लागलं असतं.

आता दारातल्या बाईबद्दल. माझी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांत अर्धं अर्धं पान लिहिण्यात गेली. ही पहिली गोष्ट माझी एकटीची होती, पूर्ण पुस्तकाची. आमच्याकडचं जंगल, मॅंगनीजच्या जुन्या खाणीजवळचं एक रेस्ट हाउस, त्यात मुक्कामाला आलेले चार प्रवासी, आणि संध्याकाळी दारात येऊन उभी राहणारी एक बाई. नियम मी इंग्रजी पुस्तकांतून उचलला होता: आत बोलावल्याशिवाय ती उंबरठा ओलांडू शकत नाही. बोलावलं, की संपलं. सगळ्यांना खाते.

आमच्या कंपनीची पद्धत आहे की हा खेळ कधीच न खेळलेल्या लोकांवर गोष्ट एकदा चालवून बघायची. मी नेहमी हे दुसऱ्या कोणावर तरी ढकलायचे. या वेळी कोणी मोकळं नव्हतं. म्हणून एका रविवारी दुपारी मी आई, बाबा आणि कटंगीहून आलेली कुंदाआत्या यांना जेवणाच्या टेबलाभोवती बसवलं. कुंदाआत्या बाबांची मोठी बहीण. तिनं आधी तलवार कोणाकडे आहे ते विचारलं आणि ती स्वतःकडे घेतली. बाबा वैद्य झाले. आईला चोर व्हायचं नव्हतं, पण तेवढंच उरलं होतं.

"दारावर थाप पडते," मी खालमानेनं वाचलं. "बाहेर एक बाई उभी आहे. केस मोकळे. तिचे पाय दिसत नाहीत. ती काहीच बोलत नाही."

"कोन होय?" आत्या म्हणाली. "या ना बाई, बसा."

"आत्या, थांब. नीट ऐक. पाय दिसत नाहीत तिचे."

"लुगडं लांब असन."

"चहा मांडू का?" आई म्हणाली.

"आई, हा खेळातला चहा आहे की खरा?"

"मांडतेच आहे तं दोनी होऊन जाईन," म्हणून ती उठलीसुद्धा.

खेळ सुरू होऊन चहा उकळण्याइतकाही वेळ झाला नव्हता आणि माझा राक्षस घरात येऊन बसला होता. पुढची ओळ होती: ती सगळ्यांचा घास घेते. ती मला वाचवेना. आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती.

"मंग? आली का आत? काय म्हनते?"

"आत्या, फासा टाक."

आत्यानं फासा टाकला. "काहून? साखर कमी झाली का?"

आता हे सांगायला हवं की आमच्या घरी हे नवीन नाही. आमच्या दारात कोणी उभं राहूच शकत नाही. कुरिअरवाला, मीटर बघणारा, पत्ता चुकलेला माणूस, वर्गणी मागणारे, सगळे आत येतात, खुर्चीवर बसतात, पाणी पितात. जय भीम करणारा असो की राम राम करणारा, आई-बाबांना फरक पडत नाही. फरक मला पडतो, कारण ती खुर्ची माझ्या टेबलासमोर आहे. लहानपणापासून मी अनोळखी लोकांच्या समोर बसून अभ्यास केला, आणि आता त्यांच्या समोर बसून राक्षस लिहिते. मीटर बघणाऱ्यानं एकदा माझ्या स्क्रीनकडे वाकून "हे काय दीदी, ड्रॅगन?" असं विचारलं होतं. मी हेडफोन नीट केला.

तर त्या दुपारी माझा वैताग बाहेर आला. म्हटलं, "सगळ्या जगात लोकांना कळतं की अशा बाईला आत घ्यायचं नसतं. तुम्ही दाराशी थांबवलं असतं तर खेळ रंगला असता."

बाबा तोवर काही बोलले नव्हते. ते तिरोडीच्या खाणीतून निवृत्त झाले आहेत. बोलण्यात ते माझेच वडील शोभतात. त्यांनी कप बशीत ठेवला.

"दारात ठेवाले काही लागत नाही," ते म्हणाले. "आमाले ठेवलंतं."

मग आत्यानं सांगितलं, कारण बाबांनी पुढे सांगितलं नसतं. दोघं लहान असताना आजोबांचा निरोप घेऊन गावातल्या एका मोठ्या घरी गेले होते. ऊन होतं. आत्यानं पाणी मागितलं. कोणी नाही म्हटलं नाही. "थांबा," म्हणाले. दोघं अंगणात थांबले. घरातली माणसं आत-बाहेर करत होती, जेवणं झाली, भांडी बाहेर आली. यांना कोणी हाकललं नाही की रागावलं नाही. बऱ्याच वेळानं एक जण तांब्या घेऊन आला आणि ओंजळ करायला सांगून त्यानं वरून पाणी ओतलं.

"अर्धं तं माह्या फ्राकवरच," आत्या हसत म्हणाली. "घरी गेली तं माय म्हने, इहिरीत पडली का वं? अन् हा तुहा बाप, यानं पेलंच नाही. हात मागं करून उभा. मी म्हनलं, अरे पे ना. तं म्हने, मले तहान नाही. होठ वाळलेले पोराचे."

आई हसली. बाबाही थोडे हसले. मग आत्यानं मला विचारलं, "तं सांग ना, तुही ते बाई आत येऊन काय करते?"

मी पुस्तकातली ती ओळ खोडली. तिच्या जागी काय लिहायचं ते सुचेना, म्हणून जागा कोरी ठेवली.

बाकीची गोष्ट मात्र मी पुन्हा लिहिली. आता बाई काही करत नाही. ती उभी असते. पण तुम्ही तिला जितका वेळ बाहेर ठेवाल तितकं तुमचं आतलं कमी होत जातं. आधी माठातलं पाणी आटतं. मग चूल विझते. मग घरातल्यांना एकमेकांचा आवाज नीट ऐकू येईनासा होतो. ती राक्षस आहे असं मी कुठेच लिहिलं नाही. खूश होऊन गोष्ट कंपनीला पाठवली.

आमचे संपादक शंतनू सर. माणूस चांगला, पण खेळाडू जुना. त्यांचं उत्तर आलं. कुठलाही शहाणा खेळाडू अशा बाईला आत घेणार नाही, म्हणजे गोष्ट दारातच अडकणार. आणि घेतलंच तर पुढे काय? तिथे तर कोरी जागा आहे. एक तर तिला नखं दे, दात दे, लढाई दे, नाहीतर ही गोष्ट राहू दे, आपण दुसरी बघू. शेवटी लिहिलं होतं: तुझा इतका विश्वास असेल तर नागपूरला ये, तुला तेच जवळ; आम्ही चौघं तिथे येऊन खेळतो, तू स्वतः चालवून दाखव.

कंपनीतल्या कोणीही तोवर माझा आवाज ऐकला नव्हता. मीटिंगमध्ये माझा कॅमेरा बंद, माइक बंद, आणि उत्तरं टाइप केलेली. 'नेटवर्क खराब आहे' हे वाक्य मी इतकं वापरलं होतं की बंगळुरूत बालाघाटबद्दल गैरसमज पसरला असावा. मी दोन दिवस नखांची वर्णनं लिहून पाहिली. चांगली जमली होती. ती वाचताना मला मामाच्या म्हशीला सहा शिंगं लावल्यासारखं वाटलं. मी 'येते' असं टाइप केलं.

गोष्ट पुस्तकात आली, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही नखांची वाट बघत बसणार नाही.

नागपूरला बाबा सोबत आले. जमायचं ठरलं होतं ते असे खेळ चालणाऱ्या एका कॅफेत; तिथे मागच्या बाजूला काचेच्या दाराची एक खोली होती. मी आत गेले आणि बाबा काचेबाहेर डब्याची पिशवी धरून उभे राहिले. तुमचं काम चालू द्या, अशी त्यांनी खूण केली. शंतनू सरांनी बघितलं, पटकन उठून दार उघडलं. "काका, बाहेर काय उभे? आत या ना, बसा." बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले.

थोड्याच वेळात याच सरांनी खेळातल्या दाराला आतून कडी लावली, उंबरठ्यावर मिठाची रेघ ओढली आणि फटीतून बाहेर बघायला एकाला बसवलं.

"तिला विचारतो, तू कोण आहेस?" सर म्हणाले. ते जुन्या सरदाराच्या भूमिकेत होते.

कोणी विचारलंच तर बाईनं द्यायची उत्तरं माझ्यासमोर इंग्रजीत लिहिलेली होती. मी तोंड उघडलं, आवाज आला नाही. मी बंद केलं. पुन्हा उघडलं. सगळे माझ्याकडे बघत होते.

"बोलत नाहीये," फटीशी बसवलेला मुलगा हळू आवाजात म्हणाला. "नुसती बघते आहे. बाप रे."

त्यांना तो अभिनय वाटला. मी तो गैरसमज दूर केला नाही. गप्प बसण्यात माझा हात धरणारा कोणी त्या खोलीत नव्हता, फक्त कोपऱ्यात एक जण होता. त्यांनी प्रश्न विचारायचे, मी बघायचं, आणि मग हळूच सांगायचं, "माठ कोरडा झाला." त्यांनी मंत्र म्हटला. "चूल विझली." एकानं फटीतून बाण सोडला. त्याचा फासा चांगला पडला. बाण लागला. बाई तशीच उभी. आता मी मुद्दाम आवाज आणखी लहान केला, इतका की ऐकायला चौघांना टेबलावर वाकावं लागलं. माझा नेहमीचाच आवाज तो.

"सर, घेऊ या ना तिला आत," वैद्य झालेली मुलगी म्हणाली. "मला बघवत नाही."

"राक्षसाला आत घेत नसतात. साधा नियम आहे."

"पण ती राक्षस आहे, असं कोण म्हणालं?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, मी नाही म्हणाले. त्यांनी समोरची पानं चाळली. मग चौघांनी एकमेकांकडे बघितलं. बाण सोडलेला मुलगा फासा हातात घेऊन नुसता फिरवत बसला.

सरांनी पानं खाली ठेवली. मग त्यांनी खरोखर हात पुढे करून हवेतली कडी काढली. तोवरचा सगळा खेळ इंग्रजीत चालला होता, पण ते मराठीत म्हणाले, "या. आत या."

बाकीच्या तिघांनी आपापले फासे उचलून मुठीत धरले. आता लढाई होणार, हे खेळाडूला शिकवावं लागत नाही. सरांनी मात्र फासा उचलला नाही. ते माझ्याकडे बघत होते.

"आली ती आत," ते म्हणाले. "आता काय करते?"

पुस्तकातली ती कोरी जागा माझ्यासमोर होती. मी कोपऱ्याकडे बघितलं. बाबा डब्याच्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होते आणि त्यांचं लक्ष पूर्ण टेबलावर होतं. मी समोरचा कागद पालथा घातला. मग मी बोलले, खोलीतल्या सगळ्यांना, अगदी कोपऱ्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात:

"पानी देता का थोडंसं? कवाची उभी आहो."